वाड्याच्या पश्चिमेकडच्या सागवानी सज्ज्यावरचा जुना ऑइल पेंट कसा काढावा आणि नंतर काय लावावं?

बाळीवेसकर

सोलापूरच्या उत्तर कसब्यातला जुना वाडा. रस्त्याकडचं तोंड पश्चिमेला, दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट अंगावर. खाली ओट्यावर दगडी तळखड्यांवर चार सागवानी खांब, ७ इंची चौकोनी, ७ फूट उंच. वर २२ फुटांचा सज्जा, त्याला खालून आधार देणारे नक्षीचे आठ लाकडी घोडे (ब्रॅकेट). कठड्याला ४० कातीव दांड्या. सज्ज्याखाली सावलीत दिंडी दरवाजा, वर गणेशपट्टी. लाकडाचा उघडा पृष्ठभाग सगळा मिळून ३२० चौरस फुटांच्या आसपास भरतो.

रंगाचे पाच-सहा थर आहेत. सगळ्यात वर चॉकलेटी इनॅमल, त्याखाली हिरवा ऑइल पेंट, अगदी तळाला तांबूस काहीतरी. सज्ज्याच्या कठड्यावरचे पोपडे सुटलेत आणि तिथलं लाकूड करडं, धागेधागे झालेलं आहे. खिळ्यांभोवती काळे डाग आहेत. दोन खांब तळाशी मऊ लागतात.

एक पेंटर म्हणतो कॉस्टिक लावून धुऊन काढू. दुसरा म्हणतो ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून दोन दिवसांत साफ करतो, वर क्लिअर पीयू (पारदर्शक पॉलियुरेथेन) मारतो, पाच वर्षं बघायला नको. लाकडाच्या रेषा दिसाव्यात एवढीच इच्छा आहे. काम संक्रांतीच्या आत संपायला हवं, कारण नंदीध्वजांची मिरवणूक दारावरून जाते आणि तेव्हा कामाची परांची रस्त्यात ठेवता येणार नाही. नेमकं काय करावं?

सागवान_सुतार

दोन्ही पेंटरना थांबवा.

आधी कॉस्टिकचं. सागावर कॉस्टिक सोडा पडला की लाकूड काळपट पडतं आणि वरचे तंतू फुगून लवीसारखे उभे राहतात. त्याहून वाईट म्हणजे सोडा सांध्यांत, चिरांत आणि दांड्यांच्या भोकांत मुरून बसतो. वरून कितीही पाणी मारलं तरी तो निघत नाही. पुढच्या पावसात ओल आली की बाहेर येतो आणि तुम्ही लावलेल्या तेलाचा अक्षरशः साबण करतो. मग लोक म्हणतात, तेल खराब होतं.

तारेच्या ब्रशचा ग्राइंडर सागातला मऊ भाग खाऊन टाकतो आणि कठीण रेषा उभ्या ठेवतो. सपाट खांबावर नाल्या पडतात, घोड्यांवरची पानं-फुलं गुळगुळीत होतात. लोखंडी तारेचे बारीक कण लाकडात रुततात ते वेगळंच. सागातल्या टॅनिनशी लोखंड आणि ओल मिळाली की काळे डाग पडतात, म्हणजे खिळ्यांभोवती आहे तेच सगळीकडे होईल. लोखंडी काथ्याही याच कारणासाठी नको. ब्रश हवाच तर पितळी किंवा नायलॉनचा घ्या.

काम दोन पद्धतींनी वाटून घ्या. सपाट भागाला, म्हणजे खांब, कठड्याच्या वरची-खालची पट्टी आणि तुळईचा दर्शनी भाग, हीट गन. कातीव आणि कोरीव भागाला रिमूव्हर, म्हणजे रंग सोडवणारं रसायन.

हीट गन २००० वॅटची, तापमान ठरवता येणारी. ३५० ते ४०० अंशांवर ठेवा, त्याच्या वर नेऊ नका. तोंड लाकडापासून दोन-अडीच इंच लांब धरून सावकाश पुढे सरकवा. रंगाला फुगे आले, तो सुरकुतला की लगेच मागून खरवडायचा पत्रा चालवायचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. पाच-सहा थरांचा जुना ऑइल पेंट अशा वेळी एकत्र सालीसारखा सुटतो. फुगे येऊन धूर निघायला लागला तर तुम्ही एका जागी जास्त थांबलात. पत्र्याचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक झटक्याला ओरखडा पडेल. तळाचा तांबूस थर बहुधा काव आणि तेलाचा असेल. तो गरम होऊन सुटत नाही, घासूनच निघतो. तो लाकडात मुरलेला असेल तर सगळा काढायचा हट्ट धरू नका, नव्या तेलाखाली तो छान दिसतो.

दांड्यांना आणि घोड्यांना घट्ट जेलसारखं रिमूव्हर. जाड थर द्यायचा, एकाच दिशेने, ब्रश पुढे-मागे न घासता. वर लगेच पातळ प्लॅस्टिक गुंडाळा. हे सोलापुरात विशेष लागतं: बाजारातली बरीच रिमूव्हरं मिथिलीन क्लोराइडची असतात आणि ते ४० अंशांच्या जवळपास उकळतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते काम करण्याआधीच उडून जातं आणि पेंटर म्हणतो, माल बोगस आहे. हिवाळ्यात सकाळच्या सावलीत, प्लॅस्टिकखाली २० ते ३० मिनिटं ठेवा. मग लाकडी पट्टीने आणि टोक काढलेल्या बांबूच्या काडीने खाचांतून रंग उपसा, शेवटी जुन्या टूथब्रशने. १ लिटरमध्ये २० ते २५ चौरस फूट धरा आणि दोनदा लावावं लागेल असं समजा. तुमच्या कोरीव-कातीव भागाचे १२० चौरस फूट धरले तर १० ते १२ लिटर.

रिमूव्हरमध्ये मेण असतं, म्हणूनच ते लवकर सुकत नाही. हे मेण लाकडावर राहिलं तर वर काहीही धरत नाही. नुसत्या पाण्याने पुसून ते जात नाही, थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने दोनदा पुसा आणि दर वेळी कापड बदला. जुने रंगारी हेच टाळतात आणि मग दोष नव्या मालाला जातो.

करडं पडलेलं लाकूड मात्र घासावंच लागेल. तो थर मेलेला आहे, त्यावर काहीही टिकत नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, १२० वर थांबायचं. बाहेरच्या तेलाच्या कामाला २२० पर्यंत घोटलं तर पृष्ठभाग इतका बंद होतो की तेल आत जात नाही. घोटायची हौस आतल्या देवघरासाठी राखून ठेवा. कोपऱ्यांत कागद पोचत नाही तिथे काचेच्या तुकड्याची धार अजूनही सगळ्यात स्वच्छ काम करते.

शिसं_नको

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यात आधी यायला हवी. भारतात घरगुती रंगांत शिश्याचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे हिरवे-चॉकलेटी थर त्याच्या कितीतरी आधीचे दिसतात. त्यांत शिसं आहे असं धरूनच काम करा.

म्हणजे कोरडं सँडिंग मशीन रंगावर अजिबात नाही. रंग हीट गनने आणि रिमूव्हरने पूर्ण उतरल्यावर, उघड्या लाकडावरच कागद चालवा, तोही हलकं पाणी शिंपडून. गॅसचा ब्लोलॅम्प तर नकोच: ६०० अंशांच्या आसपास शिश्याची वाफ व्हायला लागते आणि ज्योत त्याच्या कितीतरी वर असते. हीट गन ४०० वर ठेवायला सांगितलं त्याचं खरं कारण हे आहे.

खाली ओटाभर जाड प्लॅस्टिक, कडा विटांनी दाबलेल्या. एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क, पण रिमूव्हरच्या वासावर हा मास्क चालत नाही, त्याला सेंद्रिय वाफा शोषणारं काडतूस (फिल्टर) असलेला लागतो. मिथिलीन क्लोराइड शरीरात गेलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, त्यामुळे हृदयविकार असलेल्या माणसाने या कामाजवळ थांबूच नये. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या आठवड्यात ओट्यावर नकोत. कामाचे कपडे वेगळे धुवा. संध्याकाळी झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि उतरवलेले पापुडे, रंग लागलेल्या फळ्यांचे तुकडे आंघोळीच्या बंबात घालू नका. जुन्या पेठांत हे सर्रास होतं. शिसं जळून जात नाही, ते धुरातून आणि राखेतून घरात परत येतं. दुहेरी पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं द्या.

रंगपेटी

काळ्या डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड. १ लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत. डागावरच नाही, त्या पूर्ण फळीला लावा, नाहीतर गोरे ठिपके उठतात. अर्धा तास ठेवून दोन-तीन पाण्यांनी धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, हे पोटात गेलं तर मूत्रपिंडाला घातक आहे.

पाणी मात्र बोअरचं वापरू नका. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम ऑक्झॅलिकशी मिळून पांढरी, न विरघळणारी पूड तयार करतो आणि ती रेषांत बसते. विरघळवायला आणि पहिल्या धुण्याला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. २० लिटरचे तीन-चार जार पुरतात.

डाग गेले तरी खिळे तिथेच राहिले तर ते परत येणार. सैल खिळे काढून पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू घाला, आधी बारीक भोक पाडून. घट्ट बसलेले जुने हाताने घडवलेले खिळे उपटू नका, लाकूड फाटतं. त्यांची डोकी खरवडून, गंज काढून त्यावर इपॉक्सीचा थेंब द्या.

प्रेशर वॉशर कोणी सुचवला तर त्यालाही नाही म्हणा. भिंत मातीच्या गाऱ्यातली असेल तर पाणी तुळईच्या टोकांपर्यंत जाईल आणि ती टोकं सुकायला महिने लागतील.

जवस_तेल

आता वर काय लावायचं. क्लिअर पीयूवाल्याला एवढंच विचारा की पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं की नाही. जातं. ते ऊन लाकडाच्या अगदी वरच्या पापुद्र्यातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, तोडतं आणि ज्या पृष्ठभागाला पीयू चिकटलंय तोच पृष्ठभाग खालून सुटतो. पीयू चांगलं असतं, लाकूड त्याच्याखालून निसटतं. त्यात मे महिन्यात लाकूड वाळून आक्रसतं, सप्टेंबरच्या पावसात आडवं फुगतं. कडक थर सांध्यांवर फाटतो, पाणी आत जातं आणि त्याला बाहेर यायला वाट राहत नाही. पश्चिमेच्या तोंडावर दोन-तीन वर्षांत पत्र्यासारखे पापुद्रे निघतात आणि आत्ता करताय तो सगळा उपद्व्याप पुन्हा पहिल्यापासून.

बाहेरच्या सागाला मुरणारं तेल, आणि त्यात रंगद्रव्य. ऊन अडवतं ते रंगद्रव्य, तेल नव्हे. आपल्याकडे काव घालून तेल लावायची रीत होती ती उगीच नाही, काव म्हणजे लोहाचं ऑक्साइड आणि ते उन्हाला पक्कं असतं. तेल झिजत जातं, सोलत नाही. नंतर धुऊन वर एक हात दिला की भागतं, खरवडायची वेळ येत नाही.

तयार माल घ्यायचा तर बाहेरच्या लाकडासाठीचं, मुरणारं, रंगीत वुड स्टेन घ्या. डब्यावर ‘क्लिअर’ असेल तर ठेवून द्या. मध्यम तपकिरी छटा बरी. गडद चॉकलेटी ऊन शोषतं आणि लाकूड जास्त तापून जास्त चिरतं.

घरचं करायचं तर डबल बॉइल जवस तेल, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते. कच्चं जवस तेल आठवडे सुकत नाही आणि त्यावर बाळीवेशीतली सगळी धूळ बसेल. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे. दुसरा दोन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन, त्यात लिटरमागे ४० ते ५० ग्रॅम बारीक लोह-ऑक्साइडची पूड, आधी थोड्या तेलात घोटून आणि फडक्यातून गाळून. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण नखाएवढा पातळ. दोन हातांत किमान दोन दिवस. प्रत्येक हातानंतर वीस-तीस मिनिटांनी वर उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसलंच पाहिजे. लाकडाने जेवढं प्यायलं तेवढंच तुमचं, वर राहिलेलं चिकट कातडं होतं आणि त्यावर बुरशी येते. ३२० चौरस फुटांना तिन्ही हात मिळून ७ ते ८ लिटर मिश्रण लागेल. कठड्याचं करडं लाकूड पहिल्या हाताला दुप्पट पितं.

पहिल्या हाताआधी लाकूड थिनरने पुसा आणि त्याच दिवशी तेल लावा. सागाचं स्वतःचं तेल वर येत राहतं आणि नवं तेल सुकू देत नाही.

मेण घालू नका. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, उन्हाळ्यात पश्चिमेचा गडद कठडा त्याच्या जवळपास जाऊ शकतो. लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, मेलामाइन घरातल्या कपाटांसाठी आहे.

दिंडी दरवाजा आणि गणेशपट्टी सज्ज्याच्या सावलीत आहेत, तिथे बाहेरच्या कामाचं पीयू चालेल असं काही जण म्हणतील. चालेल. तरीही एकाच तोंडावर दोन प्रकार नकोत असं माझं मत आहे, कारण दोन वर्षांनी दुरुस्तीला येणारा माणूस दोन्हींवर एकच काहीतरी मारणार.

बाळीवेसकर

सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, आभारी आहे. दोन गोष्टी राहिल्या. मऊ झालेले दोन खांब तपासले: पेचकस एकात अर्धा इंच जातो, दुसऱ्यात जवळजवळ दीड इंच. तळखड्याभोवती कुणीतरी सिमेंटचा गोळा बसवलेला आहे. आणि खांबांना उभ्या चिरा आहेत, काही पाव इंच रुंद. एक मिस्त्री म्हणतो, सगळ्यांत वॉल पुट्टी भरून टाकू.

सागवान_सुतार

तो सिमेंटचा गोळा हाच तुमचा रोग आहे. तळखडा मुळात लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर उचलायला असतो, सिमेंटने त्याचा पाणी धरून ठेवणारा वाडगा केला. छिन्नीने हळूहळू फोडून काढा, लाकडावर घाव न घालता. नंतर तळखडा नुसता, उघडा राहू द्या.

अर्धा इंच मऊ असलेल्या खांबाचं कुजकं लाकूड पटाशीने निरोगी लाकडापर्यंत काढा, महिनाभर वाळू द्या, मग जुन्या सागाचा तुकडा इपॉक्सीने बसवा. दीड इंचवाला खांब रंगाच्या कामात धरू नका. ७ इंची खांबात एका बाजूने दीड इंच म्हणजे जोर घेणारं लाकूड बरंच गेलं आणि त्याच्यावर सज्जा उभा आहे. चारी बाजूंनी टोचून बघा, टेकू-जॅक लावून तळ कापून नवा जोड द्यायचा की नाही हे बांधकाम अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवून ठरवा. हे काम आधी, रंग काढणं नंतर.

चिरांचं: वॉल पुट्टी कुठेच नाही. ती पाणी पिते आणि पहिल्याच उन्हाळ्यात सुटते. खांबाची उभी चीर पाणी धरत नाही, उघडी सोडा, फक्त आत तेल जाऊ द्या. भरायच्या त्या आभाळाकडे तोंड असलेल्या चिरा, म्हणजे कठड्याच्या वरच्या पट्टीवरच्या आणि तुळईच्या माथ्यावरच्या. तिथे सागाची पातळ पाचर घालायची आणि गोंद एकाच बाजूला लावायचा. दोन्ही बाजूंना लावला तर लाकूड हललं की शेजारी नवी चीर पडते. कठड्याच्या वरच्या पट्टीचा माथा रंध्याने बाहेरच्या बाजूला किंचित उतरता करून घ्या, पाणी थांबणारच नाही.

रंगपेटी

वाळवीचंही याच टप्प्यावर. साग म्हणजे वाळवी लागतच नाही हा समज गाभ्यापुरता ठीक, कडेचं फिकट लाकूड ती आवडीने खाते. रंग निघाल्यावर, तेलाच्या आधी, १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन-तीन हात ब्रशने द्या. तुळईची भिंतीत जाणारी टोकं आणि खांबांचे तळ भरपूर भिजवा. चार-पाच दिवस वाळवून वर आलेले पांढरे खडे झटका, मगच तेल. तेलानंतर हे आत शिरत नाही आणि तेलाशिवाय पावसात धुऊन जातं. ओट्याच्या कडेने मातीच्या नळ्या दिसत असतील तर मात्र जमिनीतला उपचार जाणकाराकडून वेगळा करून घ्या.

वायरमन_४४०

सुताराचं-रंगाऱ्याचं झालं, आता विजेचं. २००० वॅटची हीट गन जवळपास ९ अँपिअर ओढते. वाड्यातल्या ५ अँपिअरच्या जुन्या पिनवर ती लावली की बोर्ड वितळू शकतो. १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि २.५ चौरस मिलिमीटरची एक्स्टेंशन वायर, पूर्ण उलगडलेली. सज्ज्याला बांधलेली सर्व्हिस वायर असेल तर परांची लावायच्या आधी वीज कंपनीकडून ती बाजूला घ्या.

तुळयांच्या पोकळीत कबुतरांची, चिमण्यांची घरटी आणि वर्षानुवर्षांचा भुगा असतो. हीट गनची गरम हवा आत गेली की तो धुमसतो, ज्वाळा दोन तासांनी दिसते. आधी पोकळ्या साफ करा, गनचं काम दुपारी बंद करा आणि संध्याकाळपर्यंत माणूस जागेवर ठेवा. पाण्याची बादली आणि आग विझवायचं एबीसी सिलिंडर हाताशी.

तेलाची फडकी हा तर वेगळाच धोका. जवस तेल सुकताना उष्णता सोडतं. बोळा करून कोपऱ्यात टाकलेलं फडकं काडी न लावता पेट घेऊ शकतं. आपल्याकडे लूमच्या चिंध्या पोत्याने मिळतात, म्हणून लोक वापरतातही पोतंभर आणि पुन्हा त्याच पोत्यात कोंबतात. प्रत्येक फडकं उघड्यावर दोरीवर एकेरी वाळत घाला, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टॉवेलच्या टेरी चिंध्या घेऊ नका, त्यांचे धागे तेलात चिकटून राहतात. साधं विणलेलं सुती कापड घ्या.

जवस_तेल

वेळेचं गणित करून टाका. संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास, म्हणजे परांची १० तारखेच्या आत उतरलेली हवी. खांबाचं आणि सिमेंटचं काम दिवाळी झाल्या झाल्या सुरू. रंग काढायला नोव्हेंबरचे तीन आठवडे धरा, त्यातले दोन नुसत्या ४० दांड्याच खातील. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑक्झॅलिक आणि टाकणखार, दुसरा आठवडा नुसता वाळायला. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर १२ ते १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय तेलाला हात लावू नका. तिन्ही हात डिसेंबरच्या उत्तरार्धात बसतात. तेल सकाळीच, तोंड सावलीत असताना. अकराच्या पुढे थांबायचं: तापलेल्या लाकडावर टर्पेंटाइन झटकन उडतं आणि तेल आत जाण्याआधीच घट्ट होतं.

दुरुस्त होत असलेला खांब डिसेंबरपर्यंत वाळला नाही तर तो सोडून बाकीचं पुरं करा. एक खांब फेब्रुवारीत केला तर त्याला परांची लागत नाही, घडीची शिडी पुरते.

पुढे दर वर्षी दिवाळीच्या आधी कठड्याच्या वरच्या पट्टीवर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखे थांबले तर काही करू नका. पसरून दोन-चार मिनिटांत मुरले आणि लाकूड काळपट झालं, तर सौम्य साबणाने धुवा, दोन दिवस वाळवा आणि दुसऱ्या हाताचं मिश्रण एकदा लावून पुसून घ्या. कठड्याला हे वर्षा-दीड वर्षाने लागेल, खांबांना तीन वर्षांनी, सावलीतल्या दरवाजाला त्याहूनही उशिरा. सगळं एकदम करायची गरज नाही, जिथे थेंब मुरतो तिथेच.